रविवार कोणाचा?

मुलांनो, आज आपण अशा एका विषयावर बोलणार आहोत, जो निघाला की घरातली मोठी माणसं आवाज खाली करतात आणि "जा रे, तू बाहेर खेळ," असं सांगतात. आई-बाबा वेगळे राहू लागले, तर मुलांचं काय होतं? मुलं कोणाकडे राहतात? दुसऱ्याला कधी भेटतात? दिवाळीचा फराळ कोणाच्या घरी खातात? आणि हे सगळं ठरवतं कोण?

तुमच्यापैकी काहींच्या घरी हे घडलेलं असेल. काहींच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी घडत असेल. बाकीच्यांना वाटेल, "आमचा काय संबंध?" पण डबा खाता खाता मैत्रीण अचानक गप्प का झाली, हे समजून घ्यायचं असेल तर संबंध आहेच की!

मी प्राथमिक शाळेत शिकवते. एक गोष्ट मी वर्गात नेहमी पाहते. मुलांना खरं सांगितलं नाही, तर ती मनानेच काहीबाही जोडत बसतात. आणि मनाने जोडलेली गोष्ट बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त घाबरवणारी असते. म्हणून जे आहे ते सरळ सांगते. पालकांनीही हे पान मुलांच्या शेजारी बसून वाचावं, ही विनंती.

नातं कोणतं संपतं?

तुमच्या आई-बाबांची नाती दोन. एक आपसांतलं, नवरा-बायकोचं. दुसरं तुमच्याशी असलेलं, आई-बाबा असण्याचं. घटस्फोट होतो तो पहिल्या नात्याचा. दुसऱ्या नात्याचा घटस्फोट होत नाही. तुमच्या जन्मदाखल्यावरची दोन्ही नावं तशीच राहतात. अभ्यास घेणं, आजारपणात उशाशी बसणं, फी भरणं ही कामं दोघांचीच राहतात. बदलतं ते एवढंच, की आता ही कामं एका घरातून नव्हे, तर दोन घरांतून करायची असतात.

आता दोन घरं म्हटली की वेळेची वाटणी आली. इथेच पुष्कळदा भांडण होतं. "रविवारी तो माझ्याकडे राहील," असं आई म्हणते. "रविवार माझा," असं बाबा म्हणतात. मग रविवार खरा कोणाचा? हे शोधायचं असेल तर आधी न्यायालयाच्या दारात जाऊन यावं लागेल. घाबरू नका, ते सिनेमातल्यासारखं न्यायालय नाही!

कुटुंब न्यायालय म्हणजे काय?

घरातले तंटे मिटवण्यासाठी वेगळी न्यायालयं असावीत, म्हणून आपल्या देशात १९८४ साली कुटुंब न्यायालय कायदा झाला. महाराष्ट्रात १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत अशी न्यायालयं सुरू झाली. मुंबईचं कुटुंब न्यायालय वांद्र्याला आहे. पुढे इतर शहरांतही ती निघाली. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे हे काम जिल्हा न्यायालय बघतं.

इथे कोणी चोर नसतो, कोणी आरोपी नसतो. त्यामुळे आरोपीचा पिंजरा नाही आणि हातकड्याही नाहीत. न्यायालयाने आधी दोघांत समेट होतो का ते पाहावं, असं या कायद्यातच लिहिलं आहे. त्यासाठी तिथे विवाह समुपदेशक असतात. समुपदेशक म्हणजे दोघांचंही शांतपणे ऐकून घेऊन वाट काढायला मदत करणारी शिकलेली, अनुभवी व्यक्ती. कोणा एकाने मागणी केली, तर सुनावणी बंद दाराआड होते. घरातल्या गोष्टी चारचौघांत उघड्या पडू नयेत, म्हणून ही सोय.

पुष्कळ आई-बाबा समुपदेशकांसमोर बसून मुलांचं वेळापत्रक आपसांतच ठरवतात. तसं झालं तर फारच उत्तम. न्यायाधीश ते वाचतात, मुलांच्या भल्याचं आहे ना हे पाहतात आणि त्याप्रमाणे आदेश देतात. आई-बाबांचं जमलंच नाही, तर मात्र न्यायाधीशांना ठरवावं लागतं.

'ताबा' हा शब्द

न्यायालयाच्या कागदांत 'मुलाचा ताबा' असे शब्द असतात. हा शब्द ऐकला की मुलं दचकतात. साहजिकच आहे! ताबा घराचा घेतात, शेतजमिनीचा घेतात, जप्त केलेल्या मालाचा घेतात. मूल म्हणजे काय माल आहे?

मुळीच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालच्या एका निकालातच सांगून ठेवलं आहे, की मुलं म्हणजे आईवडिलांच्या मालकीच्या वस्तू नाहीत आणि खेळणीही नाहीत. इंग्लंडने तर कायद्यातून असे शब्दच काढून टाकले. तिथल्या १९८९ च्या बालकांविषयीच्या कायद्याने 'ताबा' आणि 'भेट' यांच्या जागी 'निवास' आणि 'संपर्क' हे शब्द आणले. २०१४ मध्ये तेही बदलून 'मुलासाठीची व्यवस्था' असा शब्द आला. शब्द बदलल्याने भांडण थांबत नाही हे खरं, पण आपण कोणासाठी बसलो आहोत याची आठवण तरी राहते.

आपल्याकडे 'ताबा' हा शब्द अजून आहे. त्याचा अर्थ साधा आहे. मूल रोज ज्याच्याकडे राहतं, ज्याच्या घरून शाळेत जातं, त्याच्याकडे ताबा. दुसऱ्याला असतो तो भेटीचा हक्क. पण ताबा मिळाला म्हणजे मूल जिंकलं, असं होत नाही. रोजची जबाबदारी अंगावर आली, एवढाच त्याचा अर्थ.

कायदा कोणाच्या बाजूचा?

याचं उत्तर आहे, मुलाच्या बाजूचा.

आपल्याकडे या विषयाचा एक कायदा इंग्रजांच्या काळातला, १८९० सालचा आहे. पालक आणि पाल्य यांच्याविषयीचा. पालक नेमताना मुलाचं हित कशात आहे ते पाहावं, मुलाचं वय पाहावं, आणि मूल समजतं असेल तर त्याचं मतही विचारात घेता येईल, असं त्यात सांगितलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात मुलांच्या मताला जागा होती, ही गंमत नाही का?

नंतर १९५६ साली हिंदूंसाठी अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा आला. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. इथे 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे हं! कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला अज्ञान म्हणतात. पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईजवळ असावं, असं या कायद्यात आहे. आणि सगळ्यात वर कोणती गोष्ट, तर मुलाचं कल्याण, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे असतात, पण न्यायाधीश शेवटी मुलाच्या भल्याचाच विचार करतात.

याच १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असं लिहिलं आहे. त्यावरून एक मोठा खटला झाला. लेखिका गीता हरिहरन यांना आपल्या लहान मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते. त्यांना सांगण्यात आलं, की वडिलांची सही लागेल. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली निकाल लागला. 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ फक्त वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही. वडील मुलाची काळजी घेत नसतील किंवा ती घ्यायला जवळ नसतील, तर ते हयात असतानाही आई पालक असते, असा अर्थ न्यायालयाने लावला. एका आईने प्रश्न विचारला आणि देशातल्या लाखो आयांना उत्तर मिळालं!

मग न्यायाधीश पाहतात तरी काय? ज्याचा पगार मोठा त्याच्याकडे मूल, असं नसतं. ज्याचं घर मोठं त्याच्याकडे, असंही नसतं. आजवर मुलाचं जेवणखाण, अभ्यास, औषधपाणी कोणी पाहिलं, शाळा बदलावी लागेल का, भावंडं एकत्र राहतील का, घरात आजी-आजोबांचा आधार आहे का, कोणाला मारहाणीची किंवा दारूची सवय आहे का, अशा गोष्टी पाहिल्या जातात. आणखी एक गोष्टही महत्त्वाची असते. दुसऱ्या पालकाशी मुलाचं नातं टिकावं म्हणून कोण मनापासून मदत करेल?

न्यायाधीश मुलांशी काय बोलतात?

कधी कधी न्यायाधीश मुलाला आपल्या खोलीत बोलावतात. या खोलीला चेंबर म्हणतात. तिथे बहुतेक वेळा आई-बाबा नसतात, वकील नसतात. न्यायाधीश शाळेबद्दल, मित्रांबद्दल, दोन्ही घरांबद्दल गप्पा मारतात. पाठ करून काही म्हणायचं नसतं. ही तोंडी परीक्षा नव्हे. "मला माहीत नाही" किंवा "मला दोघंही हवेत" हे उत्तरसुद्धा चालतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट ऐका. तुमचं मत विचारात घेतलं जातं, पण निर्णय तुमच्यावर सोडलेला नसतो. पुष्कळ मुलांना वाटतं, "मी आईचं नाव घेतलं तर बाबांना हरवलं, बाबांचं नाव घेतलं तर आईला दुखावलं." तसं नाही रे राजांनो. निर्णय न्यायाधीशांचा असतो. तो भार मोठ्यांच्या खांद्यावर आहे आणि तिथेच तो असायला हवा.

वेळ कशी वाटतात?

आता वेळापत्रक पाहू. त्यासाठी एक मुलगी आपण कल्पनेने उभी करू. नाव ठेवू सई. सई चौथीत आहे. आईबरोबर पुण्यात राहते. बाबा पुण्यातच, पण दुसऱ्या पेठेत राहतात. तिचं वेळापत्रक असं असू शकेल:

सोमवार ते शुक्रवार आईकडे. बुधवारी शाळा सुटल्यावर बाबा तिला न्यायला येतात आणि सात वाजता आईकडे पोचवतात. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार बाबांकडे मुक्काम. दिवाळीच्या सुट्टीचे दोन भाग. एका वर्षी लक्ष्मीपूजन आईकडे आणि भाऊबीज बाबांकडे, पुढच्या वर्षी उलट. मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. गणपती बाबांच्या घरी बसतात, म्हणून तो दिवस बाबांकडे. वाढदिवसाला सकाळी एकाकडे, संध्याकाळी दुसऱ्याकडे. आणि रोज रात्री साडेआठला, ती ज्याच्याकडे नाही त्याला फोन.

समजा, बाबांची बदली नागपूरला झाली. मग बुधवारची भेट कशी जमणार? पुणे-नागपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. तेव्हा वेळापत्रक बदलतं. दर पंधरवड्याच्या भेटीऐवजी दिवाळीची आणि मेची सुट्टी बाबांकडे जास्त दिवस, मधेअधे बाबांनीच पुण्याला यायचं आणि आठवड्यातून तीन-चारदा मोबाईलवर एकमेकांना पाहून बोलायचं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच सांगितलं, की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे. मूल ज्याच्याकडे राहत नाही, त्यालाही फोनवर, व्हिडिओ कॉलवर मुलाशी जास्तीत जास्त वेळा बोलता आलं पाहिजे.

तान्ह्या बाळाचं गणित आणखी वेगळं. त्याला महिन्यातून एकदा दोन दिवस नेण्यापेक्षा, थोडा थोडा वेळ पण वरचेवर भेटणं बरं. नाहीतर ते चेहराच विसरतं. दहावीतल्या मुलाला क्लास असतो, मॅच असते, मित्र असतात. त्याच्या वेळापत्रकात त्याला विचारल्याशिवाय भेटी कोंबू नयेत. म्हणूनच मुलांबद्दलचा आदेश दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली, तर न्यायालयाकडे जाऊन तो बदलून घेता येतो.

काही ठिकाणी मूल दोन्ही घरी जवळजवळ सारखाच वेळ राहतं. स्वीडनमध्ये अशी पुष्कळ मुलं आहेत. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. आपल्याकडे न्यायमूर्ती अजित शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने २०१५ साली सरकारला २५७ वा अहवाल दिला. संयुक्त ताब्याचा, म्हणजे दोघांनी मिळून मूल सांभाळण्याचा पर्याय कायद्यात असावा, अशी शिफारस त्यात आहे. पण हे जमायचं तर दोन्ही घरं शाळेपासून जवळ हवीत आणि आई-बाबांना एकमेकांशी निदान वेळेबद्दल, औषधाबद्दल, गृहपाठाबद्दल नीट बोलता यायला हवं. ते नसेल, तर मुलाचा सगळा आठवडा दप्तर इकडून तिकडे नेण्यात जातो. तासांची अगदी सारखी वाटणी म्हणजे मुलाचं भलं असं नेहमी नसतं. पोळीचे दोन सारखे तुकडे करता येतात, पण मुलाचा दिवस म्हणजे पोळी नव्हे.

भेट नको असेल तेव्हा

एखाद्या घरात मारहाण झालेली असते. एखादा पालक दारू पिऊन येतो, मूल त्याला घाबरतं. अशा वेळी भेट थांबवता येते किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवता येते. कुटुंब न्यायालयाच्या इमारतीत मुलांच्या भेटीसाठी वेगळी खोली ठेवलेली असते. तिथे खेळणी असतात, पुस्तकं असतात आणि लक्ष ठेवायला मोठं माणूस असतं.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली जगातल्या मुलांच्या हक्कांचा करार केला. भारताने तो १९९२ साली मान्य केला. वेगळ्या राहणाऱ्या आई-बाबांपैकी दोघांनाही नियमित भेटत राहण्याचा मुलाला हक्क आहे, असं त्याचं नववं कलम सांगतं. मात्र त्यातच पुढे म्हटलं आहे, की त्या भेटीने मुलाचं नुकसान होणार असेल तर ती गोष्ट वेगळी.

नीट पाहा हं, हक्क कोणाचा म्हटलाय? मुलाचा! आता सापडलं ना उत्तर? रविवार आईचा नाही आणि बाबांचाही नाही. रविवार तुमचा आहे. आई-बाबांनी तो तुमच्यासाठी नीट सांभाळायचा आहे.

तुमच्या मनातले प्रश्न

माझ्यामुळे असं झालं का?
नाही. तुम्ही गणितात नापास झालात, भावाशी भांडलात, काचेचा ग्लास फोडलात म्हणून कोणी वेगळं होत नाही. मोठ्यांची भांडणं मोठ्यांची असतात.

बाबांकडे मजा आली, हे आईला सांगू का? तिला वाईट वाटलं तर?
जरूर सांगा. एका घरचा आनंद दुसऱ्या घरी लपवावा लागू नये. आईला क्षणभर वाईट वाटलंच, तरी ते सांभाळायला ती मोठी आहे.

आई म्हणते, "बाबांना सांग, पैसे पाठवले नाहीत." मग मी काय करू?
असं म्हणा, "आई, तूच सांग ना, मला सांगायला नको वाटतं." हे उद्धट बोलणं नाही. तुम्ही घरातलं मूल आहात, टपाल खात्यातले पोस्टमन नाही.

या वेळी मला भेटायला जायचं नाही. चालेल का?
कारण काय ते आधी पाहा. क्रिकेटची मॅच असेल, तर दोघांशी बोलून दिवस बदलता येईल. दुसऱ्या पालकावर रुसला असाल, तर तसं त्यालाच सांगा. पण भीती वाटत असेल, कोणी मारत असेल, कोणाचा स्पर्श नकोसा वाटत असेल, तर लगेच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. आजी, मावशी, काका, बाई, सर, कोणीही चालेल. कोणी जवळ नसेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा. मुलांच्या मदतीसाठीचा हा फोन रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आजी-आजोबा माझे राहतील का?
राहतील. दोन्हीकडचे! आई-बाबा वेगळे झाले म्हणून मामा काही मामेपण सोडत नाही आणि आत्याही आत्याच राहते.

माझं नाव बदलेल का?
आपोआप काहीच बदलत नाही. आणि हल्ली तर आईचं नावही मुलाच्या नावात येऊ लागलं आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं ठरलं आहे.

वर्गातल्या मित्रांनो, तुमच्यासाठी

मित्राचे आई-बाबा वेगळे राहतात हे कळलं, तर चौकशा करू नका. "का रे? कोणाची चूक?" हे तर मुळीच विचारू नका. त्याला सांगावंसं वाटलं, तर तो सांगेल. सांगितलं, तर ते मधल्या सुट्टीत वर्गभर करू नका. त्याचं पुस्तक दुसऱ्या घरी राहिलं असेल, तर आपलं पुस्तक मधे ठेवा. तो खेळायला आला नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा बोलवा. एवढं पुष्कळ झालं.

पालकांसाठी चार शब्द

आता जरा मोठ्यांशी बोलते. आई-बाबांचं बिनसलं, की पहिली खूण बहुधा वहीत दिसते. अक्षर बिघडतं, गृहपाठ अर्धा राहतो, मूल खिडकीबाहेर पाहत बसतं. ते अभ्यासात मागे पडलेलं नसतं. आज शाळा सुटल्यावर दारात कोण उभं असेल, याची त्याला काळजी लागलेली असते.

म्हणून पहिली गोष्ट, वेळ पाळा. सहाला येतो म्हटलं तर सहाला या. दप्तर पाठीला लावून दारात बसलेल्या मुलाची अर्ध्या तासाची वाट पाहणं तुमच्या अर्ध्या तासापेक्षा फार मोठं असतं.

दुसरी गोष्ट, पैसा आणि भेट यांची गाठ बांधू नका. "खर्चाचे पैसे दे, मग मुलगी भेटेल," किंवा "भेट मिळत नाही, म्हणून पैसे देणार नाही," हे दोन्ही चूक. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आणि भेट हाही मुलाचाच हक्क. दुसऱ्याशी भांडताना आपण मुलाचंच देणं अडवतो. कोणी आदेश पाळत नसेल, तर दाद मागायला न्यायालय आहे.

तिसरी, मुलाला हेर करू नका. "तिकडे कोण आलं होतं? काय नवीन घेतलं?" असं विचारू नका. विचारायचंच तर "जेवलास का? मजा आली का?" हे विचारा. आणि दुसऱ्या पालकाला मुलासमोर वाईट बोलू नका. मुलाचा अर्धा चेहरा त्याच पालकासारखा असतो. तुम्ही त्या पालकाला नावं ठेवता, तेव्हा मूल ती स्वतःलाही लावून घेतं.

चौथी, शाळेला अंधारात ठेवू नका. मुलाला नेण्याची परवानगी कोणाला आहे, कोणत्या दिवशी आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा. न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याची प्रत द्या. आदेशात मनाई नसेल, तर प्रगतिपुस्तक दोघांनी पाहावं, पालक सभेला आणि स्नेहसंमेलनाला दोघांनी यावं. एकमेकांशेजारी बसलंच पाहिजे असं नाही. स्टेजवरच्या मुलाची नजर दोघांनाही शोधत असते, त्याला दोघंही दिसली म्हणजे झालं. भांडण मात्र शाळेच्या फाटकाशी कधीही करू नका. त्याच फाटकातून मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आत यायचं असतं.

आणि शेवटचं, दोन्ही घरी मुलाचा एक कोपरा असू द्या. मोठी खोली कशाला हवी? एक उशी, एक टूथब्रश, दोन कपडे, चार वह्या ठेवायला एक फळी पुरते. ज्या घरी आपला टूथब्रश असतो, त्या घरी आपण पाहुणे नसतो.

करून पाहा

ज्यांची दोन घरं आहेत त्यांनी एक मोठं कॅलेंडर घ्यावं. दोन रंगीत खडू घ्यावेत. आईकडचे दिवस एका रंगाने, बाबांकडचे दुसऱ्या रंगाने रंगवावेत. दोघांनाही भेटणार असाल त्या दिवशी, म्हणजे वाढदिवसाला किंवा स्नेहसंमेलनाला, दोन्ही रंग वापरावेत. परीक्षा, मॅच, सहल हेही लिहावं. या कॅलेंडरच्या दोन प्रती करून एकेक दोन्ही घरी भिंतीवर लावावी. म्हणजे "उद्या मी कुठे असेन?" हा प्रश्न रात्री झोपताना डोक्यात घोळणार नाही. भिंतीकडे पाहिलं की उत्तर मिळेल.

महिना संपताना आई-बाबांनी पुढच्या महिन्याचं पान मुलाबरोबर बसून भरावं. आणि त्यात एखादा रविवार कोरा ठेवावा. त्या दिवशी काय करायचं, हे मुलाने ठरवावं.